एकवीस गोण्या

इस्लामपूरच्या माणसानं गाडी विकताना
टायरला लाथ मारून दाखवली.
म्हणाला, ऊस ओढलाय हिनं,
तुमचं मीठ म्हणजे पोरखेळ.

मी आरसी बुक उन्हात धरलं.
भरल्या गाडीचं वजन दोन हजार नऊशे नव्वद,
रिकामीचं सतराशे चाळीस.
वजाबाकी मला पहिल्यापासून बरी येते.
बाराशे पन्नास.
म्हणजे पन्नासाच्या पंचवीस गोण्या,
फक्त गाडी चालवायला कुणी बसायचं नाही.

शिरोड्याचं मीठ रात्रभर खाडीचा वारा पितं.
संध्याकाळी पन्नास भरलेली गोणी
सकाळी काट्यावर साडेएकावन्न.
मी अठ्ठावन्न, गोण्या उतरवणारा आग्नेल साठ.
बावीसला हिशेब एका किलोनं पुढं जातो,
त्यात जॅक नाही, पाण्याचा कॅन नाही,
आग्नेलचा डबा नाही.
एकवीस.

परुळेकर शेठ हसले.
आधीचा पिकअपवाला चाळीस न्यायचा, म्हणाले,
आणि तो वहीसुद्धा ठेवत नव्हता.

खोटं कशाला बोलू,
महिनाभर मीही पस्तीस नेल्या.
हौदा तसूभर वाकत नव्हता,
वाटलं, बुक घाबरट माणसानं लिहिलं असणार.
मग मळेवाडच्या चढावर
दुसऱ्यातून पहिला टाकताना
पोटाखाली कुणीतरी सुपारी फोडली.
कट्.
पुढच्या वळणावर पुन्हा.
चौदा गोण्या तिथंच काजूखाली उतरवल्या,
आग्नेलला राखणीला बसवलं
आणि विसाच्या वेगानं बस्त्याव मेस्त्रीकडं आले.

तो गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
शाफ्टच्या क्रॉसमधून तपकिरीसारखी तांबडी भुकटी पडली,
ग्रीस कधीच मेलं होतं.
हौसिंगचं बूच काढलं तर
तेल नव्हे, पेज.
कुणीतरी गाडी खाडीत धुतली होती, अॅक्सल बुडेपर्यंत.
बुचाच्या लोहचुंबकावर
लोखंडाची बारीक लव उभी होती.
ती त्यानं अंगठ्यानं पुसली
आणि अंगठा माझ्यापुढं धरला.

"बाय, ह्ये दोन पाटे कंपनीचे नाय.
मागसून घातलेले."
मी म्हटलं, मग चांगलंच ना, ताकद वाढली.
"सदरो मोठो शिवलो म्हणान
छाती रुंद होणा नाय.
पाटे वजन लपयतत.
आस थंयच रवता, थोच, तितकोच."

दोन्ही पाटे काढले.
नवा क्रॉस, नवं तेल, दोन ऑइल सील,
कोंदलेला ब्रीदर तारेनं साफ.
बिल शेठच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढं.
शेठनं काम दुसऱ्याला दिलं.
आता मी सावंतवाडीच्या दोन बेकऱ्यांना
आणि आरोंद्याच्या खारवणीला मीठ देते,
फेऱ्या जास्त, डिझेल जास्त,
हातात उरतं ते थोडं कमीच.

एका पाट्याचा लोहारानं कोयता करून दिला.
दुसरा पडवीत आहे, त्याला अजून काही सुचलेलं नाही.

एकवीस गोण्या चढल्या की
हौदा आता चार बोटं बसतो.
मी मागं उभी राहून ते बघते.
माणूस खुर्चीत बसल्यावर खुर्ची जशी
जरा कुरकुरते, आणि मग गप्प होते.

रविवारी विहिरीच्या गोड्या पाण्यानं
चासीचे कोपरे धुते, मीठ फटीत बसतं.
मग गोणपाट अंथरून ग्रीसगन घेऊन खाली.
पाच निपलं.
आधी काळं बाहेर येतं, मग तपकिरी,
मग गनमध्ये आहे त्याच रंगाचं. तेव्हा थांबायचं.
पाचवं निपल कायम वरच्या अंगाला असतं,
हात पोचत नाही.
मी बाहेर येते, गिअर काढते,
आग्नेल आणि मी मिळून गाडी
हातभर पुढं ढकलतो.
शाफ्ट फिरतो.
मी दगड लावते चाकाला
आणि पुन्हा आत जाते.